शालेय ग्रंथपालाचे नित्य टपाल

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, एका बाजूस गोवा आणि दुसऱ्या बाजूस बेळगाव जिल्ह्यातील खानापूर यांच्या सीमांना लागून, जोयडा तालुका पसरलेला आहे. पूर्वी त्याचे नाव सुपे. काळी नदीवर धरण बांधले गेले, जुने सुपे गाव जलाशयाच्या पोटात गेले, आणि तालुक्याची कचेरी जोयड्यास येऊन राहिली. विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ आणि बहुतांशी अरण्याने वेढलेला असा हा मुलूख आहे. अणशीचे राष्ट्रीय उद्यान व दांडेलीचे अभयारण्य मिळून २००७ साली येथे व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१५ पासून तो काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखला जातो. पावसाळ्यात ओढे वाट अडवितात, वीज अधूनमधून निघून जाते, आणि मोबाइलची रेंज कित्येक ठिकाणी घरात न मिळता टेकडीच्या माथ्यावर मिळते.

अशा मुलुखातील एखादी प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर आणावी. दोन खोल्या, दोन शिक्षक, आणि कोपऱ्यात एक लोखंडी कपाट. मुले घरी कोंकणी किंवा मराठी बोलतात. कुणब्यांच्या मुलांची कोंकणी पुन्हा आपल्या वेगळ्या ढंगाची. शाळेचा बहुतेक व्यवहार कन्नडातून चालतो, आणि वरच्या वर्गांत इंग्रजी वाट पाहत उभी असते. त्या कपाटाची किल्ली ज्याच्या खिशात, तोच त्या शाळेचा ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणून त्याची नेमणूक झालेली नसते, त्या शास्त्राचे शिक्षणही त्यास मिळालेले नसते. आणि हजेरीपट, मध्यान्ह भोजन, नाना प्रकारच्या माहितीचे तक्ते यांतून जो काय वेळ उरेल तेवढाच त्या कपाटाच्या वाट्याला येतो.

कायदा या कपाटाच्या बाजूने उभा आहे, यात शंका नाही. बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम २००९ साली संमत झाला. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असावीत, असे त्याच्या अनुसूचीत स्पष्ट म्हटले आहे. मात्र ते ग्रंथालय चालविणाऱ्या मनुष्याचा उल्लेख त्या अनुसूचीत आढळत नाही. पुढे २०१८ साली आलेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळांच्या ग्रंथालयांसाठी वर्षाला पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. लहान प्राथमिक शाळेच्या वाट्याला त्यांतील पाच हजार येतात. पुस्तकाची सरासरी किंमत शंभर रुपये धरली, तर त्या पैशांत पन्नास पुस्तके होतात.

पन्नास पुस्तके म्हणजे पन्नास निवडी. ही गोष्ट दिसावयास लहान; परंतु तिचा परिणाम दीर्घकाळ टिकणारा आहे. शहरातील मुलास शाळेच्या कपाटात मनाजोगे पुस्तक मिळाले नाही, तर त्याला दुकान आहे, शेजाऱ्याचे घर आहे, सार्वजनिक वाचनालय आहे. गणेशगुडी किंवा कुंभारवाड्याच्या अंतर्भागातील मुलाला बहुधा ते एकच कपाट असते. तेथे एखादे निरस, जाड, पोपटपंचीचे पुस्तक येऊन बसले, तर ते दहा वर्षे हलत नाही. आणि ज्या पुस्तकाने एखादे मूल वाचनाला लागले असते, ते पुस्तक त्या मुलाच्या बालपणात येतच नाही. तेव्हा या पन्नास निवडी कोण करतो, आणि कशाच्या आधारावर करतो, हा खरा प्रश्न आहे. विक्रेत्याने पाठविलेल्या यादीवर खुणा करून खरेदी उरकणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग असा, की कपाटाची किल्ली बाळगणाऱ्याने वर्षभर कान उघडे ठेवावेत. कोणती नवी पुस्तके आली, त्यांविषयी जाणकार काय म्हणतात, दुसऱ्या शाळांनी कोणते उपक्रम केले, कोणते फसले, याची खबर त्यास नित्य असावी, आणि खरेदीच्या वेळी त्या वर्षभराच्या टिपणांतून त्याने निवड करावी.

हा दुसरा मार्ग नवा नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास बोलावून आपल्या राज्यात ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. खेड्यापाड्यांतील वाचकांसाठी लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरू लागली, हे पुष्कळांस ठाऊक आहे. त्या व्यवस्थेचे दुसरे अंग मात्र सहसा सांगितले जात नाही. १९१२ साली बडोद्याहून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिक निघू लागले, आणि त्यात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूरही असे. वाचकाकडे पुस्तकांची पेटी जाते, तद्वत ग्रंथपालाकडे त्याच्या व्यवसायाची वार्ता जावयास हवी, हे बडोद्याने शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. पेटी उघडणाऱ्या मनुष्याचे ज्ञान शिळे राहिले, तर पेटीतील पुस्तके ताजी असूनही त्यांचा उपयोग होत नाही.

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले, त्यांतील दोन येथे विशेष लागू पडतात. वाचकाचा वेळ वाचवावा, हा एक. आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी सजीव वस्तू आहे, हा दुसरा. वाचकाचा वेळ वाचवावयाचा तर ग्रंथपालास आधीच पुष्कळ ठाऊक असावे लागते. आणि ग्रंथालय वाढावयाचे तर ग्रंथपालाची माहितीही वाढती असावी लागते. पण ग्रंथपालाचा स्वतःचा वेळ कोणी वाचवावयाचा? मोठ्या ग्रंथालयांत त्यासाठी माणसे असतात. ती आलेली नियतकालिके चाळून, ज्याला जे उपयोगी त्याच्याकडे त्याची टिपणे धाडतात. हेच काम यंत्राकडून करून घ्यावे, प्रत्येक वाचकाच्या आवडीची नोंद यंत्रास द्यावी आणि तिच्याशी जुळेल तेवढेच त्याच्यापुढे ठेवावे, अशी योजना अमेरिकेतील हान्स पीटर लून या अभियंत्याने १९५८ साली मांडली. त्या काळी अशी यंत्रे मोठमोठ्या संस्थांच्या आवाक्यातील होती. आता तेच काम शिक्षकाच्या खिशातील मोबाइलवर होऊ शकते. त्या साधनाला ‘फीड रीडर’ म्हणतात.

या साधनाची रचना समजून घेणे कठीण नाही. एखादी संस्था, प्रकाशक किंवा अभ्यासक आपल्या संकेतस्थळावर जेव्हा नवा मजकूर प्रसिद्ध करतो, तेव्हा त्याबरोबर एक लहानशी यादीही तेथे अद्ययावत होत असते. त्या यादीत मजकुराचा मथळा, तारीख, थोडक्यात सारांश आणि मूळ ठिकाणाचा पत्ता एवढेच असते. कधी संपूर्ण मजकूरही असतो. ही यादी यंत्राला वाचता येईल अशा ठरीव साच्यात लिहिलेली असते. तिलाच फीड, म्हणजे पुरवठा, असे नाव आहे. फीड रीडर हा प्रोग्राम आपल्याकडे नोंदविलेल्या अशा दहावीस याद्यांकडे ठरावीक वेळाने फेरी मारतो, कोठे काय नवे आले ते पाहतो, आणि ते सगळे एका जागी, तारखेच्या क्रमाने, मांडून ठेवतो. तालुक्याच्या गावी जाऊन दहा ठिकाणचे टपाल गोळा करून आणणारा एखादा विश्वासू शिपाई शाळेला मिळावा, तसे हे आहे. वीस दारे रोज ठोठावण्याचा त्रास चुकतो, आणि एकाही दाराशी आलेले पत्र हरवत नाही.

हा साचा प्रथम १९९९ साली नेटस्केप या अमेरिकन कंपनीत तयार झाला, आणि त्याच्या कर्त्यांत मद्रासच्या आय. आय. टी. मध्ये शिकलेले रामनाथन गुहा हे होते. पुढे २००२ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली, २००५ साली ‘ॲटम’ नावाचा दुसरा साचा रूढ झाला, आणि आज बहुतेक फीड रीडर दोन्ही वाचू शकतात. श्राव्य कार्यक्रम, ज्यांस पॉडकास्ट म्हणतात, तेही याच वाटेने वितरित होतात. मुलांसाठी वाचलेल्या गोष्टी किंवा शिक्षकांसाठीची भाषणे यांनाही त्यामुळे हाच शिपाई पुरतो.

जोयड्यासारख्या तालुक्याला हे साधन मानवण्याची तीन कारणे आहेत. पहिले असे, की फीडचा मजकूर मुख्यतः अक्षरांचा, म्हणून हलका असतो. चित्रफितीस जेवढी रेंज लागते त्याचा अल्पांशही त्यास लागत नाही. दुसरे असे, की कित्येक फीड रीडर आणलेला मजकूर मोबाइलमध्ये साठवून ठेवतात. शनिवारी सकाळची शाळा आटोपून शिक्षक बाजारासाठी जोयड्यास किंवा रामनगरास उतरला, तेथे चार मिनिटे रेंज मिळाली, की आठवड्याचे टपाल उतरून घेता येते. मग रात्री वाडीतील घरी, वीज असो वा नसो, ते निवांत वाचता येते. शेतकरी हंगामात धान्य भरून ठेवतो, त्यांतलाच हा प्रकार.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते केवळ जोयड्यापुरते नाही. आज बहुतेक शिक्षकांच्या हाती मोबाइल आहे, आणि त्यावर दिवसभर काही ना काही येत असते. निरनिराळ्या गटांतून शुभेच्छा येतात, अफवा येतात, सरकारी परिपत्रके येतात, आणि त्यांच्या ढिगात एखादी उपयुक्त गोष्ट गाडली जाते. समाजमाध्यमांवर तर कोणाला काय दाखवावे हे यंत्रच ठरविते, आणि मनुष्य जास्तीत जास्त वेळ तेथे रेंगाळावा या हेतूने ठरविते. फीड रीडरमध्ये साधारणतः ज्याची निवड शिक्षकाने केली तेवढेच येते, आणि आले त्याच क्रमाने येते. एखाद्या ठिकाणचा मजकूर निरुपयोगी ठरला, तर ते नाव एका खुणेने काढून टाकता येते. मुलांसाठी काय वाचनीय हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे सोपविला आहे, त्याच्या स्वतःच्या वाचनाची निवड दुसऱ्याने करावी, हे विसंगत होय. या साधनाने ती निवड त्याच्या हाती परत येते.

आता टपाल कोणाकोणाकडून मागवावे, हा प्रश्न. येथे हाव धरणे घातक आहे. पहिल्याच दिवशी शंभर ठिकाणे नोंदविणारा शिक्षक आठव्या दिवशी न वाचलेल्या मजकुराचा आकडा पाहून धास्तावतो, आणि दहाव्या दिवशी ते साधन बंद करतो. आरंभी आठदहा ठिकाणे पुरेत. त्यांचे चार कप्पे करावेत: नवी बालपुस्तके, वाचनाचे उपक्रम, परिसर आणि शासकीय योजना.

पहिल्या कप्प्यात बालसाहित्याच्या प्रकाशकांस स्थान द्यावे. प्रथम बुक्सने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ हा उपक्रम सुरू केला. त्यावर मराठी, कन्नड, कोंकणी आदी अनेक भाषांतील सचित्र गोष्टी मोफत वाचावयास मिळतात, छापून घेता येतात, आणि त्यांचा अनुवाद करण्यासही परवानगी आहे. नॅशनल बुक ट्रस्ट १९५७ पासून स्वस्त व निवडक पुस्तके काढीत आला आहे. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमाकडून २०२० पासून निवडक बालपुस्तकांची सन्मानयादी प्रसिद्ध होऊ लागली. अशी यादी वर्षाला पन्नास निवडी करणाऱ्या शिक्षकास फार मोलाची ठरते.

दुसऱ्या कप्प्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. घाट उतरला की गोवा लागतो, आणि पणजीतील ‘बुकवर्म’ ही संस्था २००५ पासून मुलांच्या ग्रंथालयाचे काम करीत आहे. शाळाशाळांत जाऊन वाचनाचे तास घेण्याचा तिचा अनुभव जोयड्याच्या शिक्षकास परका वाटणार नाही. पुण्याची ‘शैक्षणिक संदर्भ’ व ‘पालकनीती’ ही नियतकालिके मराठीत विचाराचे खाद्य पुरवितात. अमेरिकेत १९५४ साली सुरू झालेले ‘स्कूल लायब्ररी जर्नल’ किंवा ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा शालेय ग्रंथालयांसंबंधीचा विभाग यांतून इतर देशांतील घडामोडी कळतात. तिकडच्या शाळांची साधनसंपत्ती निराळी, परंतु वाचनाचा कंटाळा करणारे मूल सगळीकडे सारखेच असते, आणि त्याला पुस्तकाकडे वळविण्याच्या युक्त्याही पुष्कळशा सारख्या असतात. या सर्वच ठिकाणांस फीडची सोय असेल असे नाही. जेथे नसेल तेथे ईमेलने येणारे वार्तापत्र मागवावे, आणि जेथे तेही नसेल तेथे एक पत्र लिहून ती सोय करण्याची विनंती करावी. वाचकांनी मागितल्याशिवाय पुष्कळ सोयी होत नाहीत.

तिसरा कप्पा परिसराचा. जोयड्याच्या मुलाला धनेश पक्षी पुस्तकात पाहावा लागत नाही. तो त्याच्या माथ्यावरून पंखांचा आवाज करीत जातो. काळी नदी डिग्गीच्या बाजूस उगम पावते आणि त्याच्याच तालुक्यातून वाहत जाते. त्याच्या घरी आई निरनिराळे कंद शिजविते. तेथील कुणबी शेतकऱ्यांनी जपलेल्या कंदांचा मेळा जोयड्यास भरत आला आहे. परंतु त्याच्या कपाटातील पुस्तकांत बहुधा यांपैकी काहीच नसते. म्हैसूरच्या नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनसारख्या संस्था धनेशादी पक्ष्यांवर संशोधन करतात, आणि तिच्या ‘अर्ली बर्ड’ उपक्रमातून मुलांसाठी पक्ष्यांची चित्रे व खेळ भारतीय भाषांत तयार झाले आहेत. अशा ठिकाणची वार्ता येत राहिली, तर पुस्तकाचे जग आणि मुलाचे जग यांतील अंतर कमी होते. चौथ्या कप्प्यात अनुदाने, स्पर्धा, प्रशिक्षणे यांची माहिती. तो कप्पा लहान ठेवावा, पण तारीख उलटून जाऊ नये म्हणून तो आधी उघडावा.

एवढे झाल्यावर आठवड्यातून एक तास ठरवून द्यावा. मथळे चाळावेत; दहांपैकी आठ सोडून द्यावेत, आणि त्याबद्दल मनाला टोचणी लावून घेऊ नये. न वाचलेला मजकूर हे काही डोक्यावरचे कर्ज नव्हे. उरलेले दोन नीट वाचावेत, आणि जवळच्या वहीत तीन रकान्यांत नोंद करावी: काय सापडले, कोणत्या मुलासाठी वा वर्गासाठी, आणि त्याचे पुढे काय केले. हा तिसरा रकाना रिकामा राहू लागला, तर वाचन चालू असून काम थांबले आहे असे समजावे. तीन महिन्यांत ज्या ठिकाणाने एकही नोंद दिली नाही, ते यादीतून काढावे. मार्च महिन्यात किंवा जेव्हा अनुदान हाती येईल तेव्हा हीच वही उघडली, म्हणजे पन्नास पुस्तकांची यादी निम्मी तयार झालेली आढळते.

हे सारे प्रत्यक्षात कसे उतरेल, याची कल्पना एका उदाहरणाने करता येईल. समजा, एका शनिवारी शिक्षकाच्या टपालात दोन गोष्टी आल्या. एक, मोठ्या मुलाने लहान मुलास रोज दहा मिनिटे वाचून दाखविण्याच्या उपक्रमाचे वर्णन. दुसरी, जंगलातील पक्ष्यावरची एक नवी सचित्र गोष्ट, मोफत वापरता येण्याजोगी. शिक्षक ती गोष्ट उतरवून घेतो. सोमवारी चौथीतील एक मुलगी ती दुसरीतील मुलास वाचून दाखविते. कन्नड वाक्य वाचते आणि त्याचा अर्थ घरच्या कोंकणीत सांगते. तो अर्थ शिक्षक फळ्यावर लिहितो. आठवड्याच्या अखेरीस त्या गोष्टीची घरच्या बोलीतली प्रत तयार होते, आणि ती कपाटात इतर पुस्तकांच्या शेजारी जाऊन बसते. पुढे तीच प्रत अनुवाद म्हणून प्रसिद्धही करता येते, आणि मग दुसऱ्या एखाद्या शाळेच्या टपालात ती नवी गोष्ट म्हणून जाऊन पोहोचते. ज्या बोलीत छापील पुस्तके थोडी, त्या बोलीच्या मुलांना यापरता मोठा लाभ कोणता?

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा भाषेची. शालेय ग्रंथालयांवरील नित्य लेखन मुख्यतः इंग्रजीत होते. मराठीत व कन्नडात ते थोडे आहे. इंग्रजी सहज न वाचणाऱ्या शिक्षकास यंत्राने केलेल्या भाषांतराची मदत आज मिळते, पण ते भाषांतर पारखून घ्यावे लागते. दुसरी मर्यादा गुणवत्तेची. शिपाई टपाल आणून देतो. पत्रातील मजकूर खरा की खोटा, हे तो सांगत नाही. प्रकाशकाने स्वतःच्या पुस्तकाची केलेली स्तुती आणि तटस्थ अभिप्राय यांतील भेद शिक्षकानेच ओळखावयाचा आहे.

तिसरी मर्यादा परावलंबनाची, आणि तिचा अनुभव जगाने घेतलेला आहे. गूगल कंपनीने २००५ साली ‘गूगल रीडर’ नावाचा फीड रीडर सुरू केला. तो मोफत होता, सोयीचा होता, आणि जगभर असंख्य लोक त्याच्यावर विसंबून राहिले. १ जुलै २०१३ रोजी कंपनीने तो बंद केला. ज्यांनी आपल्या ठिकाणांची यादी उतरवून घेतली होती, त्यांनी ती फीडली, न्यूजब्लर, इनोरीडर यांसारख्या दुसऱ्या रीडरात घातली आणि त्यांचे टपाल पुन्हा सुरू झाले. ज्यांनी घेतली नव्हती, त्यांची वर्षांची जमवाजमव गेली. शिपाई बदलला तरी पत्त्यांची वही आपल्याकडे असावी, हा यातील धडा. ही वही ‘ओपीएमएल’ नावाच्या एका लहान फाइलच्या रूपाने बहुतेक फीड रीडरांतून मिळते. वर्षातून दोनदा ती उतरवून ठेवावी.

याच वहीचा आणखी एक उपयोग आहे. ती दुसऱ्यास देता येते. एका शिक्षकाने दोन वर्षे चाळून-निवडून केलेली बारा ठिकाणांची यादी शेजारच्या शाळेतील शिक्षकाच्या मोबाइलवर क्षणात जाते, आणि त्यास आरंभापासून धडपडावे लागत नाही. केंद्रातील शिक्षकांची मासिक बैठक असते. तेथे अहवालांबरोबर ही यादीही हातोहात जावी, आणि प्रत्येकाने महिन्यात सापडलेली एक उत्तम गोष्ट पाच मिनिटांत सांगावी. दहा शाळांनी एकेक कप्पा वाटून घेतला, तर कोणालाच एका तासाहून अधिक वेळ द्यावा लागणार नाही. खानापूरचा मराठी शिक्षक आणि जोयड्याचा कन्नड शिक्षक यांनी एकमेकांस आपापल्या भाषेतील वार्ता कळविली, तर भाषेच्या सीमेवर राहण्याचा फायदाच होईल. कर्नाटक शासनाने २०१९ साली ग्रामपंचायतींची ग्रंथालये ग्रामविकास व पंचायतराज खात्याकडे सोपविली, आणि २०२० साली ‘ओदुव बेळकु’ या उपक्रमाद्वारे शाळकरी मुलांसाठी त्यांचे मोफत सभासदत्व खुले केले. या ग्रंथालयांचा ग्रंथपाल आणि शाळेचा शिक्षक यांनी एकच यादी वापरली, तर दोघांची खरेदी परस्परांस पूरक होईल, आणि एकाच गावात एकच पुस्तक दोनदा येऊन दुसरे मुळीच न येण्याचा प्रकार टळेल.

कोणी म्हणेल, मुलांना पाठ्यपुस्तक धड वाचता येत नाही, तेथे जगभरच्या वार्तेचे काय प्रयोजन? आक्षेप प्रामाणिक आहे. पण पाठ्यपुस्तक अडते ते पुष्कळदा वाचनाचा सराव नसल्यामुळे. सराव होतो तो आवडीच्या पुस्तकामुळे. आणि आवडीचे पुस्तक कपाटात येते ते कोणीतरी त्याची खबर वेळेवर ठेवल्यामुळे. ही साखळी जेथे तुटते, तेथे बहुधा पैशाचा अभाव नसून खबरेचा अभाव असतो. पाच हजार रुपये आलेले असतात, आणि ते कशावर खर्चावेत हे ठाऊक नसल्याने वर्षाच्या अखेरीस घाईने संपविले जातात.

जोयड्याच्या एखाद्या वाडीत शाळा सुटल्यावर एक मूल कपाटाशी घुटमळत उभे राहते आणि विचारते, “गुरुजी, नवीन काय आलंय?” या प्रश्नाला वर्षानुवर्षे एकच उत्तर मिळाले, तर ते मूल विचारण्याचे सोडून देते, आणि पुन्हा सहसा विचारीत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर दर सोमवारी तयार असावे, एवढ्यासाठी शिक्षकाने शनिवारचा एक तास राखून ठेवावा, हे मागणे फार नाही.